वाटेतल्या माणसाला

अमरावतीहून अकोल्याला एसटीनं जायचं तर मूर्तिजापूरला चहा होतो, शेजारच्या बाईच्या घरची सगळी भांडणं ऐकून होतात आणि वर एखादी डुलकीही निघते. बहरीनहून दम्मामचं अंतर साधारण तेवढंच, उलट थोडं कमीच भरेल. पण मध्ये समुद्र आहे आणि अलीकडे-पलीकडे दोन वेगळे देश आहेत, म्हणून एवढ्याशा अंतराला विमान लागतं, पासपोर्ट लागतो, पट्टे-चपला काढून तपासणी लागते, आणि इतका सगळा खटाटोप करून विमान हवेत राहतं ते वीस-बावीस मिनिटं. बडनेरा स्टेशनापासून राजकमल चौकापर्यंत ऑटोवाला याहून जास्त वेळ लावतो आणि वर कुरकुरतो. पण प्रणालीनं ती वीस-बावीस मिनिटं जशी काढली, तशी वेळ वैऱ्याच्या लेकीवरही येऊ नये.

प्रणालीचं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यात नवऱ्यासोबत काढलेले महिने एका हाताच्या बोटांवर मोजून संपत होते. अमोल दम्मामला एका कंपनीत क्रेनच्या दुरुस्तीचं काम बघायचा. बायकोला तीन महिने बोलावून घ्यायचं म्हणून त्यानं साहेब लोकांची किती मनधरणी केली ते त्यालाच ठाऊक. अखेर व्हिसा आला, आणि शहाणी माणसं मे महिन्यात थंड हवेच्या गावाला जातात तेव्हा ही बाई वाळवंटाकडे निघाली, तीही नाचत. बॅगेत जवसाची चटणी, मुगवड्या, वाळवलेली अंबाडी आणि दोन नव्या साड्या होत्या.

बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायला सासरे आले होते. खुशालराव पासष्टीच्या पुढचे. दर्यापूरकडे थोडी काळी जमीन, कपाशी आणि सोयाबीन. दिवसाआड जीपमध्ये कोंबून घेऊन शेतावर जायचे आणि संध्याकाळी तसेच कोंबून घेऊन परत यायचे. बोलणं जेमतेम. पण सुनेला स्कूटी शिकवायला घरात कोणी वेळ काढेना, तेव्हा हे गृहस्थ पायजमा वर खोचून बायपासवर तिच्या मागे पळाले होते. 'ब्रेक दाब वो पोरी, ब्रेक!' सून शिकली, सासऱ्याचा गुडघा मात्र महिनाभर सुजला. त्या दिवशी स्टेशनावर दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या; हमाल तोंडाकडे बघत राहिला. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालता चालता ते एवढंच म्हणाले, "अमोलले म्हणजो, लय बारीक झाला फोटोत. खात जाय म्हणा."

मुंबईत एक दिवस काढून पहाटेच्या विमानानं ती निघाली आणि सकाळी बहरीनला उतरली. दम्मामच्या विमानाला अजून अवकाश होता. काचेच्या भल्यामोठ्या भिंती, थंडगार हवा, अत्तराचा वास, आणि सगळीकडे असे लोक की ज्यांना आपण कुठे चाललो ते पक्कं माहीत आहे. प्रणालीनं एक कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि पहिला फोन अमोलला लावला. कोणी बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत म्हणाली, हा फोन बंद आहे. तिनं मेसेज टाकला. त्याच्यापुढे एकच टिक आली. एकच टिक म्हणजे मेसेज इथून सुटला, तिथं पोचला नाही. कामावर असेल, ती मनात म्हणाली, आणि दुसरा फोन घरी लावला.

सासूबाई, वच्छलाबाई, तोंडाच्या फटकळ. त्यांचा फोन म्हणजे पहिल्या वाक्यात एक चूक काढलेली असायचीच. मुंबईहून केला होता तेव्हा त्यांनी, चटणीचा एक डबा ओट्यावरच राहिला म्हणून तिला धारेवर धरलं होतं. आज फोन उचलायला वेळ लागला. उचलल्यावर आधी कोणी तरी कुजबुजलं, मग फोन हातातून हातात गेल्यासारखा खरखरला.

"पोचली काय वो बाई?" वच्छलाबाईंचा आवाज बसला होता.

"हाओ आई, बहरीनले आहो. दुसरं विमान थोड्या वेळानं आहे. अमोलचा फोन लागून नाई राहिला."

"खाल्लं काय काई?"

"आई, तुमचा आवाज काहून असा?"

"सर्दी झाली वो मले. तू खाऊन घेजो. आन घाबरू नोको." एवढं बोलून फोन बंद झाला.

घाबरायचं कोणी काढलं होतं? प्रणालीनं फोन मांडीवर ठेवला. चटणीच्या डब्याचं नाव नाही, पैसे जपून वापर नाही, तिथं गेल्यावर तंगड्या पसरून बसू नको नाही. सासू एकदम गोड बोलली की सुनेनं सावध व्हावं हे तर खरंच, पण हा गोडवा वेगळा होता. दवाखान्यात नर्स सुई टोचायच्या आधी बोलते तसा तो होता.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या कानाला खटकत होती. ती काय हे कळायला तिला थोडा वेळ लागला. अमरावतीच्या घराला लागूनच शकुनकाकूंची पिठाची चक्की आहे. सकाळच्या वेळी त्या चक्कीची धडधड एवढी असते की घरात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. लग्नाआधी मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा फोन झाला तेव्हा प्रणालीच्या घरच्यांना ही माणसं भांडकुदळ वाटली होती. आज त्या घरी फोन लागला आणि मागे धडधड नव्हती. वच्छलाबाई हळू बोलल्या आणि तरी ऐकू आल्या. चक्की बंद होती. आणि शकुनकाकू चक्की दोनच कारणांनी बंद ठेवते: लाइट गेली तर, नाही तर शेजारी मयत झालं तर.

ती स्वतःवरच चिडली. काहीही सुचतं मेलं, म्हणून उठली, एक पाण्याची बाटली घेतली, तेवढ्यात फोन वाजला. तिचे बाबा. आता हे बाबा म्हणजे फोनचे शत्रू. लेक सासरी गेल्यापासून त्यांनी आपणहून फोन केल्याचं तिला आठवत नव्हतं. आई बोलत असताना मागून 'बरी आहे ना, झालं मग' असं ओरडायचं, एवढाच त्यांचा संवाद.

"बेटा, झाला ना प्रवास नीट?"

"हाओ बाबा. तुमी कुठी आहा?"

"मी? मी घरीच आहो, अकोल्याले. च्या पिऊन राहिलो." आणि त्यांच्या पाठीमागे एक आवाज सुरू झाला. खटाक, खरर, खटाक, खरर. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकात एक घट्ट बसलेल्या, भाड्यानं आणलेल्या, टेम्पोतून उतरवून एकेक उपटून मांडताना होतो तो आवाज. मग एक बाईचा आवाज आला: "अर्ध्या इकडं माह्या चक्कीपुढं टाका, तिकडं ऊन येते." अकोल्यातल्या त्यांच्या घराजवळ चक्की नव्हती. आणि तो आवाज शकुनकाकूचा होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी अमरावतीले कायले गेले?"

"नाई वो, मी अकोल्यालेच... बरं, तू खाऊन घेजो बेटा. ज्योत्स्नाबाई येईन तुले घ्यायले दम्मामले. संघपालची बायको. एकटी नोको राहू." आणि त्यांचाही फोन कट.

संघपाल आणि ज्योत्स्ना हे बोरगाव मंजूचं जोडपं; संघपाल अमोलच्याच कंपनीत होता आणि दोघे एकमेकांच्या शेजारी राहायचे. पण घ्यायला तर अमोल येणार होता. महिनाभर तो दुसरं काही बोललाच नव्हता. कोणता शर्ट घालून येऊ इथपर्यंत विचारून झालं होतं. ज्योत्स्ना कशाला? आणि 'एकटी राहू नको' म्हणजे?

आपल्याकडे एक रीत आहे. वाटेत असलेल्या माणसाला मरणाची बातमी सांगायची नाही. त्यानं ऐकून वाटेतच हाय खाल्ली तर, गाडी चुकली तर, कुठे रस्त्यात बसकण मारली तर उचलायला कोण आहे? म्हणून त्याला म्हणायचं, 'सिरियस आहे, ये.' किंवा तेही म्हणायचं नाही. घरी पोचला, चार माणसं दोन बाजूंनी धरायला उभी राहिली, की मग सांगायचं. पिढ्यान् पिढ्या लोक हे करत आले आणि पिढ्यान् पिढ्या समोरच्याला ते कळत आलं. तरी करायचं सोडत नाहीत. हेतू चांगलाच असतो. त्या चांगल्या हेतूचं काय करायचं, हेच तर कळत नाही.

चार वर्षांपूर्वी प्रणालीचे मोठे काका अकोल्याला गेले तेव्हा त्यांचा मुलगा श्याम पुण्याला होता. त्याला कळवलं, दवाखान्यात आहेत, ये. तो वाटेतून फोन करत राहिला आणि घरचे उत्तरं देत राहिले: डॉक्टर म्हणते सुधारणा आहे, आता डोळे उघडले, आता थोडं नारळपाणी घेतलं. हे नारळपाणी कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. श्याम स्टेशनासमोरून शहाळी घेऊन आला. दोन्ही हातांत पिशव्या, आणि दारात तिरडी बांधून तयार. प्रणाली तेव्हा दारातच उभी होती. तो रडला नाही, ओरडला नाही; पिशव्या तशाच धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं की आपण हे पाप कधी करायचं नाही.

आता त्याच रीतीच्या दुसऱ्या टोकाला ती स्वतः बसली होती. तिनं धाकट्या दिराला, नितेशला, फोन लावला. नितेश तिच्याच वयाचा, थट्टेखोर. त्याला खोटं बोलता यायचं नाही.

"बोला वहिनी."

"नितेशभाऊ, घरी काय झालं?"

"कुठी काय? काई नाई."

"चक्की काहून बंद आहे?"

"लाइट गेली ना वहिनी. सकाळपासून."

त्याच्या मागे कूलर घरघरत होता. त्या कूलरचा पत्रा सैल आहे आणि तो थडथडतो, हे तिला दोन उन्हाळ्यांपासून माहीत होतं. लाइट गेली असती तर कूलर कशावर चालला असता?

"मामाजी कुठी आहेत? त्याईले फोन द्या." तिनं सासऱ्यांचं विचारलं.

"बाबा वावरात गेले."

"आन अमोल? त्याईचा फोन बंद आहे."

"दादा साइटवर आहे वहिनी, तिथं रेंज नसते. तुमी निंघा ना आता. ज्योत्स्नाताई येऊन राहिल्या घ्यायले." आणि मग नितेश, ज्यानं दोन वर्षांत तिला एकदाही सरळ वाक्य ऐकवलं नव्हतं, तो म्हणाला, "स्वतःले सांभाळा वहिनी."

झालं. आता काय उरलं? घरात चक्की बंद, दारात खुर्च्या, अकोल्याची माणसं अमरावतीत, सासूचा आवाज बसलेला, आणि ज्याच्याकडे ती निघाली होती त्याचा फोन बंद. संपूर्ण खानदानात एकट्या अमोलचाच पत्ता नव्हता. क्रेनची दुरुस्ती म्हणजे उंचावरचं काम. तो हसत सांगायचा, खालची माणसं मुंगळ्यांएवढी दिसतात. ती म्हणायची, असलं सांगत नका जाऊ मला.

तेवढ्यात काचेपलीकडे विमान येऊन लागलं. दम्मामहूनच आलेलं, हेच परत दम्मामला जाणार. दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारणारं. उतरलेले लोक काचेमागच्या बोळातून चालत गेले. प्रणालीनं मान वर केली नाही. ती पुन्हा पुन्हा अमोलला फोन लावत होती आणि पुन्हा पुन्हा ती अरबी बाई शांतपणे तेच सांगत होती. लोक रांगेत उभे राहिले तेव्हा तिला वाटलं, जाऊच नये. इथंच या खुर्चीत बसून राहावं. जोवर मी तिथं पोचत नाही तोवर मला कोणी सांगणार नाही, आणि जोवर कोणी सांगत नाही तोवर तो आहे. पण गेटवरचा माणूस तिच्याकडेच बघून हात हलवत होता, आणि ती लहानपणापासून कोणी हात केला की उठणारी मुलगी होती. ती उठली.

विमान चांगलं मोठं होतं आणि अर्ध्याहून रिकामं होतं. तिची जागा खिडकीशी होती, बाजूला कोणी नाही. दारं लागली. मग उड्डाण झालं, आणि वर जायचं म्हणेपर्यंत वर जाणं थांबलंसुद्धा. पट्टे सोडायची खूण झालीच नाही. एक हवाई सुंदरी पंगतीत वाढप्यानं धावावं तशी धावत प्रत्येकाच्या हातात ज्यूसचा डबा कोंबत आली, आणि दुसरी तिच्या मागून रिकामे डबे गोळा करत आली. प्रणालीचा डबा बंदच परत गेला.

खाली हिरवट समुद्र होता, आणि त्यावर एक लांबच लांब पूल, एका देशातून दुसऱ्या देशात गेलेला. त्यावरच्या गाड्या वरून दिसत होत्या. खालची माणसं मुंगळ्यांएवढी. तिनं खिडकीची झडप खाली ओढली.

आधी तिला राग आला. सगळ्यांचा. मला काय समजता तुम्ही? माझा नवरा आणि मलाच शेवटी सांगणार? माझे बाबा चहा प्यायचं सोंग करणार आणि मी ते ऐकून घेणार? आता दम्मामच्या दारात ती ज्योत्स्ना उभी असेल, मला कवटाळेल, गाडीत बसवेल, पाणी देईल, आणि घरी जाऊन मग हळूच सांगेल. मी दारातच विचारणार. सगळ्या लोकांसमोर विचारणार. आणि रागाच्या खालून भीती वर आली, आणि ती आल्यावर रागाला काही जागाच उरली नाही. साड्या आठवल्या, बॅगेतल्या. एक मोरपंखी होती. तिला वाटलं आता कोणी तरी म्हणणार, ही नको नेसू. इतकी क्षुल्लक गोष्ट मनात आली म्हणून तिला स्वतःची घृणा वाटली, आणि तरी ती साडी डोळ्यांपुढून हलेना.

मग ती देवाकडे वळली. तसं तिचं देवाशी बेताचंच होतं; नवरात्रात अंबादेवीच्या रांगेत उभी राहायची ती सासूबाईंच्या धाकानं. पण आता तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, अंबामाय, अमोल नको. घरात कोणी गेलंच असेल, कोणाला न्यायचंच असेल, तर दुसरं कोणीही ने. कोणीही चालेल. अमोल सोडून कोणीही.

हे ती एकदा नाही, उतरेपर्यंत म्हणत राहिली. 'कोणीही' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे एकही चेहरा नव्हता, हेही खरं. माणूस घाबरला की असाच सौदा करतो, समोरच्या पारड्यात काय टाकतोय ते बघत नाही.

विमान कलतं झालं, कान दुखले, आणि चाकं टेकली. एवढंच ते उड्डाण. लोक अजून जांभया देत होते. तिनं फोन चालू केला. दोनदा चुकीचं बटण दाबलं. फोनला रेंज आली आणि त्याच क्षणी तो वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, अमोल.

ती त्या नावाकडे बघत राहिली. फोन त्याचा आहे, पण हातात कोणाच्या आहे? संघपालच्या? दवाखान्यातल्या कोणा माणसाच्या? पोलिसांच्या? असं होतं, हे तिनं ऐकलेलं होतं. माणूस जातो आणि त्याच्या फोनवरून त्याच्या बायकोला दुसराच कोणी फोन करतो. तिनं उचलला आणि काही बोलली नाही.

"हॅलो? प्रणाली? अवो बोल ना, हॅलो?"

अमोल होता. त्याचाच आवाज, तोच तो नाकातला.

प्रणाली हसली. ओठ मिटून नव्हे, खळखळून, मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसतच राहिली. "तुमी आहा," ती म्हणाली, "तुमी आहा!"

"म्हणजे? अवो, फोनची बॅटरी मेल्ती माह्या, रात्रभर घरी बोलून बोलून. आता चार्ज झाला. तू कुठी आहेस? नागपूरले पोचली?"

"नागपूरले कायले? मी दम्मामले उतरली आता."

अमोल हळू म्हणाला, "नितेश तर म्हणे, वहिनीले मुंबईहूनच वापस बोलावलं. म्हणे तू निंघ, तिची काळजी करू नोको."

"तुमी कुठी आहा?"

"मी बहरीनले. आता दम्मामहून आलो ना. मुंबईचं विमान आहे थोड्या वेळानं."

"मी तिथंच होती," प्रणाली म्हणाली. "तुमी ज्या विमानातून उतरले, त्याच विमानात मी बसली."

काचेच्या एका भिंतीच्या अलीकडे ती होती आणि पलीकडून तो गेला होता. महिनोन् महिने ज्याची वाट पाहिली तो नवरा हाताच्या अंतरावरून गेला, आणि घरच्या मायाळू माणसांनी, दोघांनाही त्रास नको म्हणून, दोघांनाही वेगवेगळं सांगून, नीट आखून-रेखून त्यांना भेटू दिलं नव्हतं. शत्रूनं ठरवून केलं असतं तर इतकं बिनचूक जमलं नसतं.

"बाबा आयसीयूत आहेत," अमोल म्हणाला. "काल रात्री अटॅक आला म्हणे. नितेश म्हणते, बोलून राहिले, फक्त मले पाहाचं म्हणतात. तुले हे सांगतलंच नाई काय कोणी?"

प्रणालीचं हसू गालांवर तसंच राहिलं होतं. अमोल जिवंत होता. पण खुर्च्या तर आल्या होत्या. चक्की तर बंद होती. ऊन येतं म्हणून अर्ध्या खुर्च्या चक्कीपुढे मांडल्या होत्या, आणि आयसीयूतल्या माणसासाठी कोणी खुर्च्या मांडत नाही. बाबा वावरात गेले, नितेश म्हणाला होता. आणि वच्छलाबाईंच्या हातात कोणी तरी फोन दिला होता, सुनेला शंका येऊ नये म्हणून; नवऱ्याचं प्रेत घरात असलेल्या त्या बाईनं तिला खाल्लं का म्हणून विचारलं होतं.

गेलं होतं कोणी तरी. अमोल सोडून कोणी तरी. पायजमा खोचून तिच्या मागे धावलेला माणूस गेला होता, आणि ती हसत होती. तिनं तोंडावर हात ठेवला. पण आत जो आनंद उसळला होता तो हात ठेवल्यानं जाईना. अमोल आहे, अमोल आहे, असं आत कोणी तरी नाचत होतं, आणि त्याच वेळी मामाजींचा चेहरा समोर होता. दोन्ही खरं होतं. त्या क्षणी तिला स्वतःइतकी वाईट बाई जगात दुसरी दिसली नाही.

"प्रणाली," अमोलचा आवाज बदलला. "खरं सांग मले. मी काई लहान नाई. रातपासून सगळे माह्याशी लय गोड बोलून राहिले. नितेश फोन आईले देत नाई. तुले माह्या बाबाची शप्पथ आहे. बाबा आहेत ना?"

लोक उभे राहिले होते, वरच्या कप्प्यांतून सामान काढत होते. कोणाची तरी पिशवी तिच्या खांद्याला घासून गेली. आता बोलायचं. एकच शब्द. हक्कच होता त्याचा तो. पण तो एकटा होता, परक्या देशात, काचेच्या त्या थंड इमारतीत, अत्तराच्या वासात, आणि त्याच्यापुढे मुंबईचं विमान, मग नागपूर, मग अमरावतीपर्यंत गाडीतले ते तास. त्याला धरायला बाजूला कोणी नव्हतं. ती असती, तासाभरापूर्वी तिथंच होती. आता मध्ये समुद्र होता.

"आहेत," प्रणाली म्हणाली.

"नक्की?"

"अवो, माह्याशी बोलले ते." हे कुठून आलं, तिला कळलं नाही. पण आलं आणि मग थांबलं नाही. "बहरीनले होती तेव्हा नितेशभाऊनं फोन दिला त्याईले. म्हणे, अमोलले म्हणा सावकाश ये. जिवाची घाई करू नोको म्हणा. मी आहो म्हणे."

पलीकडे अमोलनं श्वास सोडला तो तिला ऐकू आला. मग तो रडला, अगदी लहान पोरासारखा, सुटका झाल्याचं रडणं. नाक ओढत त्यानं विचारलं, "आवाज कसा होता वो त्याईचा?"

तिनं डोळे मिटून घेतले. "बारीक होता," ती म्हणाली. "पण साफ होता. मले पोरी म्हणले."

"मग ठीक आहे," अमोल म्हणाला. "मग पोचतो मी."

फोन बंद झाला. विमान रिकामं होत आलं होतं, आणि दाराशी उभी असलेली हवाई सुंदरी ती कधी उठते याची वाट बघत होती. प्रणाली बसूनच राहिली. उद्या अमरावतीला खुर्च्या बघितल्यावर तो सगळ्यांना माफ करेल, नितेशलाही, तिच्या बाबांनाही. मग तो तिला फोन करेल आणि विचारेल की बाबा आणखी काय म्हणाले होते.